महावेली आणि जंगलाचा कार्बन: हिरवाई तीच, साठा मात्र कमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम या शहरात, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळ, जागतिक हवामान परिषद भरली. उष्णकटिबंधातील उभे जंगल राखणाऱ्या देशांना हेक्टरच्या हिशेबाने मोबदला देणारा निधी तिथे मोठ्या चर्चेत होता. जंगल हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, तापमानवाढीला थोडाफार आळा घालते, तेव्हा ते राखणाऱ्याच्या हाती काही पडले पाहिजे, हा विचार न्याय्यच आहे. अडचण पुढे येते. अशा योजनांत जंगल आहे की नाही हे मुख्यतः उपग्रहावरून, म्हणजे वरून दिसणाऱ्या हिरव्या आच्छादनावरून ठरते. ते आच्छादन झाडांच्या पानांचे आहे की झाडांवर चढून बसलेल्या वेलींच्या पानांचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. साठणाऱ्या कार्बनच्या दृष्टीने मात्र या दोहोंत फार मोठा फरक आहे आणि तो मोजून दाखवण्यात आलेला आहे.

महावेल कशाला म्हणायचे

ज्या वेलीचे मूळ जमिनीत असते, खोड लाकडासारखे टणक असते आणि जी उभ्या झाडांचा आधार घेत जंगलाच्या छतापर्यंत पोहोचते, तिला या लेखात महावेल म्हटले आहे. आपल्याकडची गारंबी, पळसवेल, उक्षी आणि शिकेकाई ही तिची ओळखीची उदाहरणे आहेत. गारंबीची शेंग मीटरभर किंवा त्याहूनही लांब वाढते, तिच्यातील चकतीसारखी तपकिरी गुळगुळीत बी तळहातावर मावेल एवढी असते आणि जुन्या वेलीचे पिळदार खोड एखाद्या मध्यम झाडाच्या बुंध्याइतके जाड होऊ शकते.

महावेल आणि बांडगूळ यांची गल्लत नेहमी होते. बांडगूळ झाडाच्या फांदीत शिरकाव करून तिच्यातले पाणी आणि क्षार ओढून घेते. महावेल झाडाच्या आत शिरत नाही. ती स्वतःच्या मुळांनी जमिनीतले पाणी घेते आणि स्वतःच्या पानांनी अन्न तयार करते. तरीही झाडाचे नुकसान होते, कारण खाली मातीत दोघांची मुळे त्याच पाण्यासाठी आणि वर छतात दोघांची पाने त्याच उन्हासाठी झगडत असतात. झाडाच्या शेंड्यावर पसरलेली वेल त्याच्याच पानांवर सावली धरते आणि शिवाय आपले वजन त्याच्या फांद्यांवर टाकते.

महावेली म्हणजे जंगलातला किरकोळ घटक असे कोणी समजू नये. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले गेले, त्यातून झालेल्या सरोवरात बारो कोलोराडो नावाचे बेट तयार झाले. तिथे स्मिथसोनियन संस्थेचे संशोधन केंद्र आहे आणि ५० हेक्टरचा एक पट्टा १९८० च्या दशकापासून सातत्याने मोजला जात आहे. या पट्ट्यात २००७ मध्ये एक सेंटिमीटर आणि त्याहून जाड अशा प्रत्येक महावेलीची नोंद करण्यात आली, तेव्हा १६२ जातींची ६७,४४७ खोडे भरली. तिथल्या लाकडी खोडांपैकी सुमारे चौथा हिस्सा आणि लाकडी वनस्पतींच्या जातींपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक वाटा एकट्या महावेलींचा आहे.

खोडाचा खर्च वाचवणारी वनस्पती

नाशिककडची द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणावी. लोखंडी अँगल, तारा आणि ताण यांचा मांडव शेतकरी उभारतो, त्याचा सगळा खर्च तोच सोसतो. द्राक्षवेलीला आपले वजन पेलण्यासाठी जाड बुंधा करावा लागत नाही, त्यामुळे तिची सगळी ताकद पाने, फुटवे आणि घड यांकडे वळते. जंगलातील महावेल हेच करते. फरक इतकाच की तिचा मांडव जिवंत असतो, त्यालाही वाढायचे असते आणि त्याचे पोटही त्याच उन्हावर भरायचे असते.

झाडाला उंची गाठायची तर वर्षानुवर्षे लाकडाचे थर चढवावे लागतात, कारण वाऱ्यापावसात स्वतःला उभे ठेवण्याची जबाबदारी त्याची त्यालाच पार पाडायची असते. महावेलीने ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवलेली असल्यामुळे तिचे खोड बारीक राहते आणि त्या बारीक खोडाच्या जोरावर ती प्रचंड मोठा पर्णसंभार पोसते. त्यासाठी लागणारे पाणी वर नेता यावे म्हणून तिच्या खोडातील पाणी वाहणाऱ्या नळ्या झाडांच्या मानाने खूपच रुंद असतात. कित्येक जातींत आडवा छेद घेतला तर ही छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. उक्षीचे खोड तोडले की आतून पाणी ठिबकू लागते आणि उन्हाळ्यात रानात झरे आटलेले असताना ते पाणी पिऊन तहान भागवण्याची रीत पश्चिम घाटातल्या रानमाणसांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

कार्बन नेमका कुठे बसतो

झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते, त्यातला कार्बन ठेवून घेते आणि त्यापासून पाने, फांद्या, मुळे, लाकूड घडवते. वाळलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनचेच असते. मात्र पानात गेलेला कार्बन आणि लाकडात गेलेला कार्बन यांचे आयुष्य एकसारखे नाही. पान काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत गळते, उष्ण आणि दमट जंगलात ते लवकर कुजते आणि त्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. लाकडात बसलेला कार्बन मात्र झाड उभे असेपर्यंत, म्हणजे कित्येक दशके आणि काही झाडांच्या बाबतीत काही शतके, तिथेच राहतो. एका वर्षात जंगलाने किती कार्बन घेतला एवढेच पाहून म्हणून भागत नाही. घेतलेल्यापैकी किती लाकडात गेला आणि किती पानांत, हे पाहावेच लागते. महावेलींचा सारा परिणाम याच वाटणीत दडलेला आहे.

कोयत्याने विचारलेला प्रश्न

महावेली नसत्या तर जंगलात किती कार्बन साठला असता, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता. एकाच जंगलातील सारखे तुकडे निवडायचे, काही तुकड्यांतल्या सगळ्या वेली काढायच्या, उरलेल्यांना हात लावायचा नाही आणि दोन्हींकडची झाडे मोजत राहायची. बारो कोलोराडोच्या शेजारच्या गिगांते द्वीपकल्पावर सुमारे साठ वर्षे वयाच्या, पुन्हा वाढलेल्या जंगलात हा प्रयोग झाला. ८० मीटर लांब आणि तितक्याच रुंदीचे १६ तुकडे आखण्यात आले आणि २०११ मध्ये त्यांपैकी आठ तुकड्यांतल्या सगळ्या महावेली जमिनीलगत कोयत्याने तोडण्यात आल्या. तोडलेल्या वेली खाली ओढल्या गेल्या नाहीत, कारण तसे केले असते तर फांद्या मोडल्या असत्या, छत फाटले असते आणि मोजमापात भलताच घटक शिरला असता. त्या जागच्या जागी वाळल्या. बुडख्यांना फुटणारे धुमारे पुढेही वेळोवेळी छाटले गेले.

तीन वर्षांच्या मोजणीनंतर गीर्ट्ये व्हॅन डेर हाइडन, जेनिफर पॉवर्स आणि स्टीफन श्निट्झर यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. वेली असलेल्या तुकड्यांत जमिनीवरील वनस्पतींमध्ये दरवर्षी पडणारी कार्बनची निव्वळ भर, वेली काढलेल्या तुकड्यांच्या तुलनेत, सुमारे ७६ टक्क्यांनी कमी होती.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण त्याचा विपर्यास सहज होतो. वेलींमुळे जंगलातला ७६ टक्के कार्बन नाहीसा झाला, असा त्याचा अर्थ नाही. जंगलात आधीपासून असलेला साठा ही एक गोष्ट आणि त्यात दर वर्षी पडणारी निव्वळ भर ही दुसरी. झाडांची वाढ आणि नव्या रोपांची भर यांतून मेलेल्या झाडांचे नुकसान वजा केले की निव्वळ भर हाती येते आणि ती एकूण साठ्याच्या मानाने लहानच असते. वेलींनी वाढ मंदावली, मरतूक वाढवली आणि दोन्ही बाजूंनी ही बाकी आक्रसली. अर्थात हवामानाच्या दृष्टीने याच बाकीला मोल आहे, कारण माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बनचा काही भाग दर वर्षी उचलला जातो तो याच भरीतून.

वाटणीचा हिशेब तर आणखी बोलका आहे. वेली असलेल्या तुकड्यांत जमिनीवर तयार झालेल्या एकूण वनस्पतीद्रव्यापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५३ टक्के, पानांत गेले आणि लाकडाच्या वाट्याला साधारण २९ टक्के आले. वेली काढलेल्या तुकड्यांत पानांचा वाटा सुमारे ३९ टक्क्यांवर उतरला आणि लाकडाचा सुमारे ४४ टक्क्यांवर चढला. ऊन, पाऊस, माती सगळे सारखेच होते. वेली असताना त्याच सामग्रीतून जंगल लवकर कुजणारी पाने अधिक घडवत होते आणि टिकणारे लाकूड कमी.

पण वेलीतही कार्बन असतोच ना?

ही शंका रास्त आहे. झाड कमी वाढले, पण त्याच्या जागी वेल वाढली, तर एकंदर हिशेब बरोबरीत सुटायला हवा असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. एखादे मोठे झाड पडून जंगलात मोकळी जागा होते, तिथे ऊन शिरते आणि झाडे आणि वेली दोघांचीही वाढ जोमाने सुरू होते. पनामातल्याच अशा मोकळ्या जागांचा आठ वर्षे अभ्यास झाला. वेलींमुळे झाडांची जेवढी वाढ हुकली, तिच्यापैकी जेमतेम चौथ्या हिश्शाची भरपाई वेलींच्या स्वतःच्या वाढीतून झाली. बारीक खोडाच्या वनस्पतीकडून याहून अधिकची अपेक्षाही करता येत नाही, कारण लाकडावर खर्च न करणे हेच तर तिच्या यशाचे मर्म आहे.

यात झाडांच्या जातींचा प्रश्नही गुंतलेला आहे, आणि माझ्या मते तो आकड्यांपेक्षा अधिक गंभीर आहे. भराभर वाढणारी, हलक्या लाकडाची झाडे बऱ्याचदा वेलींच्या तावडीतून निसटतात, कारण त्यांची उंची झपाट्याने वाढते आणि जुन्या फांद्या किंवा मोठी पाने गळताना वेलींची पकडही सुटते. सावकाश वाढणारी, सावलीत तग धरणारी, जड आणि घट्ट लाकडाची झाडे मात्र दीर्घ काळ वेलींच्या ओझ्याखाली राहतात. एका घनमीटरमागे सर्वाधिक कार्बन याच झाडांत बसतो आणि तो सर्वांत जास्त काळ टिकतो. बारो कोलोराडोवर २००७ च्या पाहणीत मोठ्या झाडांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश झाडांच्या शेंड्यात महावेली आढळल्या होत्या, आणि ज्या झाडांचे शेंडे वेलींनी जवळजवळ पूर्ण व्यापले होते, ती इतरांच्या साधारण दुप्पट प्रमाणात मेली. वेलींचे जाळे अनेक झाडांना एकमेकांशी बांधून ठेवत असल्यामुळे एक झाड कोसळताना शेजारच्या दोन-चार झाडांना सोबत ओढून नेते, हे वेगळेच. वेल स्वतः मात्र बहुधा वाचते. तिचे लवचीक खोड मोडत नाही, जमिनीला टेकलेल्या भागातून नवी मुळे फुटतात आणि पडलेल्या झाडामुळे झालेल्या उजेडात ती पुन्हा वर चढू लागते.

महावेली वाढत का आहेत

२००२ मध्ये ऑलिव्हर फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनमधील कायमस्वरूपी नोंदपट्ट्यांची तुलना करून दाखवले की विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत झाडांच्या तुलनेत मोठ्या महावेलींचे प्राबल्य दर वर्षी १.७ ते ४.६ टक्क्यांनी वाढत गेले होते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील इतरही ठिकाणांहून त्यानंतर तशाच नोंदी आल्या. आफ्रिकेत मात्र हे चित्र तसेच्या तसे लागू होत नाही. काँगोतील इतुरीच्या जंगलात १९९४ ते २००७ या काळात महावेलींची घनता उलट घटली, कारण तिथे अतिशय विपुल असलेली एक जात वेगाने ओसरली. तेव्हा वेली जगभर सर्वत्र वाढत आहेत असे सरसकट विधान करणे बरोबर होणार नाही.

जिथे वाढ दिसते तिथली कारणे तीन दिशांनी शोधली गेली. हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा लाभ वेलींना झाडांपेक्षा अधिक मिळत असावा, हा पहिला तर्क होता. पनामात वेली आणि झाडे यांची रोपे अधिक कार्बन डायऑक्साइडच्या हवेत वाढवून पाहिली, तेव्हा वेलींना तसा खास लाभ झालेला दिसला नाही.

दुसरी दिशा पावसाची आहे. उष्णकटिबंधातील बहुतेक वनस्पतींच्या विपुलतेचा ओढा अधिक पावसाकडे असतो, महावेलींचा मात्र उलट कमी पावसाकडे आणि लांब कोरड्या ऋतूकडे दिसतो. पनामातील एका निरीक्षणात पावसाळ्यात वेलींची वाढ झाडांच्या साधारण दुप्पट भरली आणि कोरड्या ऋतूत तब्बल सातपट. झाडे उन्हाळ्यात हात आखडून बसतात तेव्हा आकाश निरभ्र असते, ऊन भरपूर असते आणि वेली त्याचा पुरेपूर फायदा उठवतात. कोरडे ऋतू लांबत जाणार असतील तर हा फायदाही वाढत जाणार.

तिसरे कारण मोडतोडीचे आहे आणि सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच बाजूने आहे. झाडे तोडली, रस्ता काढला, वणवा गेला, कडेने शेती सरकली की जंगलात उजेड शिरतो आणि जंगलाच्या कडा वाढतात. महावेलींना नेमके हेच हवे असते. एकदा त्या फोफावल्या की खालच्या रोपांना वर येऊ देत नाहीत, मोठी झाडे लवकर पाडतात, त्यातून नवी मोकळी जागा होते आणि तीही वेलींच्या ताब्यात जाते. काही ठिकाणी हे चक्र कित्येक वर्षे फिरत राहते आणि जंगल कधी सावरतच नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र तिथे अखंड हिरवे आच्छादन दिसते.

मग सगळ्या वेली तोडून का टाकू नयेत?

पनामाचा प्रयोग वाचून पुष्कळांच्या मनात हाच विचार येतो. त्याचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. तो प्रयोग वेलींचा परिणाम मोजण्यासाठी होता, उपचार म्हणून तो कोणी सुचवलेला नाही. महावेली हा जंगलाचा अस्सल, प्राचीन भाग आहे. झाडांना फळे नसतात अशा काळात त्यांची फुले, फळे आणि कोवळी पाने कित्येक प्राण्यांना जगवतात. छतातून फिरणाऱ्या प्राण्यांसाठी त्या एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा असतात. भीमाशंकरच्या जंगलात जमिनीवर क्वचितच उतरणारा शेकरू अशाच जोडलेल्या छतावर अवलंबून असतो. वेली काढलेल्या तुकड्यांत कीटक खाणाऱ्या पक्ष्यांची संख्या आणि विविधता घटल्याचे पनामातील त्याच प्रयोगात आढळले. केवळ कार्बनच्या टनांसाठी जंगलातील जातींचा एवढा मोठा गट काढून टाकणे म्हणजे जंगल राखणे नव्हे.

मात्र आधीच लाकूडतोड झालेल्या, वेलींनी झाकोळून गेलेल्या जंगलात मोजक्या झाडांभोवतीच्या वेली तोडणे ही वेगळी गोष्ट आहे. पुढे मोठी होण्याची क्षमता असलेली हेक्टरी थोडीच झाडे निवडून फक्त त्यांच्यावरच्या वेली बुडाशी तोडल्या, तर त्या झाडांची वाढ लक्षणीय वाढते आणि बाकीच्या वेली प्राण्यांसाठी शाबूत राहतात. या कामाला कोयता आणि जाणता माणूस एवढेच लागते. निवडक लाकूडतोडीच्या काही महिने आधी वेली तोडून ठेवल्या तर एक झाड पाडताना शेजारची झाडे कमी ओढली जातात, हेही ब्राझील आणि मलेशियातील अनुभवावरून दिसून आले आहे.

सह्याद्रीला यातून काय घ्यावे

पनामाचा ७६ टक्क्यांचा आकडा उचलून सह्याद्रीला चिकटवणे चुकीचे ठरेल, कारण तो एका विशिष्ट वयाच्या, विशिष्ट जंगलातील तीन वर्षांचा हिशेब आहे. त्यामागची यंत्रणा मात्र आपल्याकडेही लागू पडते. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे हे आपले वेळापत्रक महावेलींना मानवणारेच आहे. रस्ते, खाणी आणि बागायतींमुळे तुकडे पडलेल्या जंगलांच्या कडाही आपल्याकडे कमी नाहीत.

दुसऱ्या बाजूने, वेलींकडे निव्वळ अडथळा म्हणून पाहण्याची सवय इथल्या वनखात्याला जुनी आहे. ब्रिटिश काळापासूनच्या कार्य-आयोजनांत वेलतोड हे ठरलेले काम असे, कारण वेल म्हणजे लाकडाची नासाडी अशीच धारणा होती. गावाची धारणा तशी नव्हती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कोकणातल्या एका देवराईत राखली गेलेली गारंबी त्यांच्या नोंदीत आली. साप चावलेल्या गुरांवरच्या उपचारासाठी तिची साल न्यायला दूरदूरच्या गावांतून लोक येत असत. लाकूड मोजणाऱ्याने जी वेल निरुपयोगी ठरवली असती, ती तिथे देवाच्या नावाने टिकली. ज्या देवराईचे छत अभंग आहे, तिथे अशी जुनी गारंबी आणि महाकाय झाडे शेजारी शेजारी नांदतात. वेलींचा प्रश्न उग्र होतो तो छत फाटल्यावर, आणि म्हणून कार्बनच्या दृष्टीनेही पहिला उपाय कोयत्याचा नसून जंगल मोडू न देण्याचा आहे.

नोंदीच्या पद्धतीत मात्र बदल तातडीने व्हायला हवा. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडोऱ्याचे छत १० टक्के किंवा अधिक आहे ती जमीन वनाच्छादन म्हणून मोजते. हे आच्छादन उपग्रहाच्या चित्रांवरून ठरते आणि त्या चित्रात वेलींनी गिळलेली कडा आणि निरोगी जंगल वेगळे ओळखणे कठीण असते. जगभरातील पुष्कळ वनगणनाही ठरावीक जाडीच्या वरची झाडेच मोजतात, आणि बहुतेक महावेलींची खोडे त्या मर्यादेच्या खाली राहतात. यावर संशोधकांनी रुळवलेला उपाय अगदी साधा आहे. मोजायच्या प्रत्येक झाडाचा शेंडा दुर्बिणीने पाहायचा आणि तो वेलींनी किती व्यापला आहे याला शून्य ते चार असा एक अंक द्यायचा: मुळीच वेल नसेल तर शून्य, पाव शेंड्यापर्यंत एक, निम्म्यापर्यंत दोन, पाऊण शेंड्यापर्यंत तीन आणि त्याहून जास्त असेल तर चार. वनरक्षक, महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावातली माणसे हा अंक झाडाच्या घेराशेजारच्या रकान्यात सहज लिहू शकतात, आणि दर पाच वर्षांनी त्याच झाडांपुढे तो पुन्हा लिहिला गेला, तर आपल्या जंगलातील हिरवाईपैकी किती टिकाऊ लाकडाची आहे हे पनामाच्या आकड्यावर विसंबून न राहता सांगता येईल.